सकाळच्या आठ केबल

मला थंडी सोसत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. जन्म आणि शिक्षण सोलापूरचं. तिथं एप्रिलमध्ये पत्र्याला हात लावला तर फोड येतो. बंगळूरला येऊन चौदा वर्षं झाली, तरी नोव्हेंबर उजाडला की माझं नाक चोंदतं, कपाळ ठणकायला लागतं आणि मी जाड स्वेटर चढवून ऑफिसला निघते. प्रयोगशाळेतले लोक हसतात. "मॅडम, काश्मीरला बदली झाली वाटतं!" हसू देत. त्यांचं कपाळ ठणकत नाही.

प्रयोगशाळा एका सरकारी संशोधन संस्थेतली, आणि आमचं काम अँटेनाचं. त्या हिवाळ्यात पावसाचे ढग शोधणाऱ्या रडारचा अँटेना आमच्याकडे होता. एक मोठी सपाट पाटी, तिच्यावर सोळा उभ्या पट्ट्या. लहर एका तोंडातून आत जाते, खालच्या पेटीत सोळा वाटांना फुटते आणि दोन-दोन मीटरच्या सोळा केबलमधून सोळा पट्ट्यांपर्यंत पोचते. पेटी आणि केबल मिळून जे होतं त्याला फीड नेटवर्क म्हणतात. माझ्या आईला मी हे पंगतीवरून समजावलं होतं. वाढपी कुणाच्या पानात किती वाढतो ते एक, आणि कधी वाढतो ते दुसरं. मधल्या पानांना जास्त, कडेच्या पानांना कमी, असं ठरलेलं असतं. पण वाढायचं मात्र सगळ्यांना एकाच क्षणी. 'किती' चुकलं तर ती अँप्लिट्यूडची चूक, 'कधी' चुकलं तर फेजची. आई म्हणाली, "म्हणजे तू वाढप्यांवर डोळा ठेवतेस होय!" हो, त्याचाच पगार घेते.

या सोळा केबल बाजारातून आणून चालत नाही. त्या आतून सारख्या लांबीच्या असाव्या लागतात, तेही लहरीच्या हिशेबानं, आणि तिथं अर्धा मिलिमीटरसुद्धा खूप झाला. त्या आमच्याकडे अक्का करायच्या. अक्का म्हणजे आमच्या तंत्रज्ञ. वय सत्तावन्न. आनेकलहून पहिली बस धरून यायच्या. वीस वर्षं कंत्राटावर. दर वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांचं कंत्राट संपायचं आणि विभागप्रमुखांनी शिफारस केली की दुसऱ्या दिवसापासून नवं सुरू व्हायचं. नवरा कधीच गेलेला, घरी म्हातारी आई, आणि दोघींचं सगळं या नोकरीवर.

कामाची आमची रीत ठरलेली होती. केबलचं एक टोक मोजणाऱ्या यंत्राला जोडायचं, दुसरं मोकळं ठेवायचं. मी पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, अक्कांनी मोकळ्या टोकाचा केसाएवढा काप घ्यायचा. पुन्हा आकडा, पुन्हा काप. ठरलेल्या आकड्यावर आलो की मी "बस!" म्हणायचं, अक्कांनी त्या टोकाला जोडणीचा कनेक्टर बसवायचा आणि मी कागदावर सही करायची. बसच्या वेळेमुळे अक्का सव्वासातला हजर असायच्या, आणि मीही एचएसआर लेआउटमधली गर्दी चुकवायला साडेसातलाच यायची. दहानंतर यंत्र दुसऱ्या गटाकडे जायचं, ते दोन वाजता परत मिळायचं. म्हणून रोज सकाळी दोन केबल आणि दुपारी दोन. सकाळच्या डाव्या बाजूच्या, एक ते आठ. दुपारच्या उजव्या बाजूच्या, नऊ ते सोळा. मिसळू नयेत म्हणून वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगलेल्या. चार दिवसांत सोळा झाल्या, आणि मला माझ्या शिस्तीचं फार कौतुक वाटलं.

आता त्या एसीचं सांगते. प्रयोगशाळेची हवा रात्रंदिवस तेवीस अंशांवर राहावी म्हणून मोठा एसी आहे, आणि भिंतीवर पाटी आहे की तो बंद करू नये. पण त्याचा झोत, गार असो की कोमट, नेमका माझ्या टाळक्यावर येतो. तेव्हा नोव्हेंबर लागला की मी तो बंद करायची आणि रिमोट माझ्या खणात टाकायची. कुणी कुरकुर केली नाही. इथं सगळ्यांना आपल्या हवेचा केवढा अभिमान! बंगळूरला पंखा लागत नाही, एसी कशाला लागतोय, असं जो तो म्हणतो. मीही तेच म्हणायची.

त्या चार दिवसांतल्या दुसऱ्या सकाळी अक्का पातं हातात धरून थांबल्या होत्या. आमचं बोलणं माझ्या सोलापुरी कन्नडमध्ये आणि त्यांच्या आनेकलच्या कन्नडमध्ये चालायचं. केबलच्या आत तारेभोवती पांढरं टेफ्लॉन असतं, त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मॅडम, सकाळी हे पांढरं कडक लागतं. दुपारी स्वल्प मऊ. पात्याला कळतं."

मी म्हटलं, "अक्का, आकडा बरोबर आहे ना? मग झालं तर."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे 'बरं', आणि काप घेतला.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाटी चाचणीच्या बंद खोलीत उभी केली. त्या खोलीला भिंतभर काळ्या स्पंजची टोकं लावलेली आहेत, म्हणजे लहर कुठून परतून येत नाही, आणि तिचा एसी माझ्या खणातल्या रिमोटवर चालत नाही. पहिलाच आलेख वाकडा आला. मुख्य किरण सरळ जायचा, तो किंचित कलला होता. त्याच्या शेजारी, जिथं काही नको तिथं, एका बाजूला भलता उंचवटा. मग पाटीसमोर छोटा शोधक फिरवून प्रत्येक पट्टीवर किती आणि कधी पोचतंय ते काढलं. 'किती' सोळाही ठिकाणी चोख. 'कधी'मध्ये मात्र आठ आणि नऊच्या मध्ये सरळ पायरी. हे 'कधी' अंशांत मोजतात, लहरीचा एक पूर्ण फेरा म्हणजे तीनशे साठ अंश. डावीकडच्या आठही पट्ट्यांवर लहर चौदा अंश आधी पोचत होती. सगळ्या सारख्याच आधी असत्या तर काही बिघडलं नसतं. अर्धी पंगत आधी जेवायला बसली, हे बिघडलं होतं.

पेटी वेगळी काढून तपासली. निर्दोष. मग राहिल्या केबल. त्या मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या, एकेक करून, आमच्या नेहमीच्या रीतीनं. सकाळी आठ, दुपारी आठ. सोळाही ठरलेल्या आकड्यावर, दोन अंशांच्या आत. मी आकड्यांकडे बघत बसले. दोष सापडला असता तर बरं वाटलं असतं. सुट्या मोजल्या की दोष नाही आणि जोडल्या की आहे, म्हणजे मला काहीतरी दिसतच नव्हतं. प्रत्येक केबलच्या कागदावर माझी सही होती. वर्षअखेरीच्या आत पाटी द्यायची होती. सकाळी घरीही मी तेच कागद घेऊन बसले. नवरा म्हणाला, "अगं, अँटेनाच आहे, कुणाचा जीव नाही गेला." मी त्याच्यावर अशी खेकसले की तो डबा न घेताच गेला.

विभागप्रमुख वाईट माणूस नाहीत. त्यांना फक्त कारण हवं होतं, आणि लवकर हवं होतं. ते म्हणाले, "सुटी असताना बरोबर आणि जोडली की चूक, म्हणजे कनेक्टरचा जोड कच्चा. जोड कोणी केले?" अक्कांनी. "डावीकडचे कधी केले?" सकाळी. "सकाळी त्यांचा हात कसा असतो?"

सकाळी अक्का बसमधून उतरून आल्या की कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरायच्या आणि पेला थरथरायचा, हे मी रोज बघत होते. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, मग लिहून द्या.

मी लिहिलं. 'सकाळच्या वेळी संबंधित तंत्रज्ञाचा हात स्थिर राहत नाही, असे निदर्शनास आले आहे.' इंग्रजीत लिहिलं, म्हणून लिहिताना तितकं झोंबलं नाही. फाइलमध्ये ते पान अकरा झालं. लिहिताना मला एक गोष्ट पक्की माहीत होती, आणि ती इथं कबूल करते. थरथरत्या हाताची चूक दर वेळी वेगळी येते. एक केबल पाच अंशांनी पुढं जाईल, दुसरी नऊ अंशांनी मागं पडेल. आठच्या आठ केबल बरोबर चौदा अंशांनी एकाच बाजूला? हे हाताचं काम नाही, हे कॉलेजातलं पोरगंही सांगेल. तरी मी लिहिलं, कारण हात अक्कांचा नसेल तर मग चूक मोजण्यात होती, आणि मोजलं मी होतं.

दोन दिवसांत अक्कांना कळलं की कंत्राटाच्या यादीत त्यांचं नाव अडकलंय. त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, फाइलमध्ये काय लिहिलंय?"

"चौकशी चालू आहे, अक्का," मी म्हटलं. दुसऱ्याच कुणीतरी चालवलीय अशा थाटात! त्यांनी मान हलवली आणि खुंट्यांवरच्या केबल फडक्यानं पुसायला लागल्या. मला स्वतःचा असा राग आला की मी उगाच सगळे खण आवरायला काढले.

त्यानंतरच्या शुक्रवारी सिल्क बोर्डच्या चौकात तीन तास अडकले. पुढं एक टँकर बंद पडला होता. ऑफिसला पोचेपर्यंत साडेदहा होऊन गेले आणि यंत्र दुसऱ्यांकडे गेलेलं. वर्ष संपायला चार दिवस राहिले होते. जीव नुसता टांगणीला लागला होता. दोन वाजता यंत्र मिळालं आणि मी केबल एक ते आठ पुन्हा मोजायला घेतल्या. त्या केबलनी काय सांगायचं राहिलं होतं देव जाणे, पण हातावर हात ठेवून बसवत नव्हतं.

पहिली केबल चौदा अंश पुढं आली. मला वाटलं, यंत्र बिघडलं. त्याची सगळी जुळणी पुन्हा केली. पुन्हा चौदा. दुसरी तेरा. तिसरी चौदा. अगं बाई! म्हणजे दोष केबलमध्येच होता, आणि माझ्या समोर होता. मग त्या दिवशी सकाळी मोजताना कुठं गेला होता? तीच केबल, तेच यंत्र, तेच टेबल, मीच बाई. घाम फुटला म्हणून स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. दुपारी तो मी काढतेच. सकाळी घातलेला असतो, दुपारी खुर्चीवर असतो. मी त्या स्वेटरकडे बघितलं आणि तशीच उभी राहिले.

सकाळी कडक, दुपारी मऊ. पात्याला कळतं.

खणातून रिमोट काढला. एसी सोळावर लावला, दार लावून घेतलं आणि स्वेटर पुन्हा घालून यंत्रासमोर बसले. तिसऱ्या क्रमांकाची केबल लावून ठेवली होती. अर्ध्या तासात आकडा सरकायला लागला. चौदाचा बारा, बाराचा नऊ. डोकं फुटायची वेळ आली, पण मी हलले नाही. खोली सतरा अंशांवर आली तेव्हा केबल ठरलेल्या आकड्यावर येऊन बसली होती, जशी ती सकाळी मोजताना बसायची. मग बारावी लावली, दुपारची. ती तितकीच चुकलेली निघाली, उलट्या बाजूला.

टेफ्लॉनचं असं होतं हे पुस्तकात आहे. वीस अंशांच्या खाली-वर त्याची जडणघडण जरा बदलते आणि लहरीला लागणारा वेळही बदलतो. मी ते शिकलेले, परीक्षेत लिहिलेलं. सकाळी सतरा अंशांत एक आकडा गाठायला आम्ही कापलं, दुपारी सव्वीस अंशांत तोच आकडा गाठायला कापलं, आणि सकाळच्या केबल दुपारच्यांपेक्षा पाऊण मिलिमीटरनं आखूड झाल्या. फेरतपासणीतही सकाळच्या सकाळी आणि दुपारच्या दुपारी मोजल्या. माझ्या त्या कौतुकाच्या शिस्तीनं चूक झाकून ठेवली होती. अक्कांनी तिथल्या तिथं सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, मग झालं तर.

विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं. खूश झाले, कारण आता कारण होतं. म्हणाले, "लिहा, वातावरणातील बदलांमुळे. तेवढं पुरे."

"वातावरण नाही सर, रिमोट माझ्या खणात होता."

"ते लिहायची गरज आहे का?"

"पान अकरावर अक्कांचा हात लिहायची गरज होती?" माझा आवाज चढला, मलाच ऐकू आला. "ते पान काढून टाका."

फाइलमधलं पान काढता येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. आकडे घातलेले असतात. फार तर पुढं नवं पान जोडायचं. मी पान चौदा लिहिलं. एसी कोणी बंद केला, किती दिवस, आणि तंत्रज्ञानं वेळीच दिलेली सूचना कोणी उडवून लावली, सगळं माझ्या नावानिशी. विभागप्रमुखांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आधी पाटी बरोबर येऊ दे. मग शिफारशीचं बघू."

म्हणजे अक्कांची नोकरी आता त्या आठ केबलवर आली. आखूड झालेली केबल लांब करता येत नाही, तेव्हा उजवीकडच्या आठ छाटून डावीकडच्यांना जुळवायच्या होत्या. प्रत्येकीचा एक कनेक्टर काढायचा, पाऊण मिलिमीटर छाटायचं, नवा कनेक्टर बसवायचा. एक वाया गेली तर दुसरी करायला वेळ नव्हता. यंत्र तीन दिवस आमच्याकडे ठेवून घेतलं. शनिवार-रविवारची सुटी गेली. एसी तेवीसवर. टाळक्यावर झोत घेत मी आकडे वाचत होते आणि कपाळात घण पडत होते. अक्का कामापुरतं बोलत होत्या. मी शुक्रवारीच त्यांना सगळं सांगितलं होतं, एसीचंही, फाइलचंही. त्या फक्त "सरी" म्हणाल्या होत्या. त्या "सरी"चा अर्थ काय घ्यायचा याचा विचार करून माझी झोप उडाली होती.

शेवटच्या दिवशी दुपारी पाटी पुन्हा काळ्या खोलीत उभी राहिली. शोधक फिरायला चाळीस मिनिटं लागतात. मी तीनदा पाणी प्यायला गेले. अक्का बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आत आल्या नाहीत. आलेख आला. पायरी गेली होती. सोळा ठिपके एका ओळीत, किरण सरळ, शेजारचा उंचवटा बसलेला. मी कागद घेऊन विभागप्रमुखांकडे अक्षरशः पळत गेले. पाच वाजायला दहा मिनिटं असताना त्यांनी शिफारशीवर सही केली. बाहेर येऊन मी अक्कांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, पण मला नाही, देवाला. मग बस धरायला गेल्या.

नव्या वर्षातल्या पहिल्या कामाच्या दिवशी मी साडेसातला पोचले. अक्का आधीच आलेल्या. राखीव म्हणून दोन केबल करायच्या होत्या. त्यांनी कॉफी संपवली, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पान अकरा वाचून दाखवा. कन्नडमध्ये."

मी वाचलं. इंग्रजीमागं लपायला जागा राहिली नाही. हात स्थिर राहत नाही, हे मला त्यांच्या तोंडावर, त्यांच्या भाषेत म्हणावं लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हात कधी बघितलात?"

"सकाळी. कॉफी घेताना."

"कापताना?"

मी आठवून बघितलं. कापताना माझे डोळे कायम पडद्यावर असायचे. सोळा केबल, मग पुन्हा आठ, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं. मी त्यांना कापताना कधी बघितलंच नव्हतं. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी केबल लावली आणि पातं उचललं. बसमधला गारठा अजून अंगात होता, हात चांगलाच थरथरत होता. मी सवयीनं पडद्याकडे वळले.

"तिकडे नको. इकडे बघा."

"पण आकडा कोण वाचणार, अक्का?"

"आकडा थांबेल."

मी खुर्ची वळवली. थरथरणारा हात खाली आला. पातं पांढऱ्याला टेकलं आणि हात थांबला. मनगट, बोटं, पातं, सगळं टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखं निश्चल. केसाएवढा काप सुटून फडक्यावर पडला. त्यांनी पातं उचललं, हात पुन्हा थरथरायला लागला, आणि त्यांनी तो तसाच माझ्यासमोर धरून ठेवला. किती वेळ बघायचं ते त्यांनी ठरवलं. त्या वेळी पडद्यावर कोणता आकडा होता, ते मला आजही माहीत नाही.